गावाच्या कडेची नवी वसाहत : रेघ कोण ओढणार?

(तरुण कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटले असेल, की हे इंजिनिअर, तलाठी आणि बिल्डर यांचे काम आहे, आपला त्यात काय संबंध? संबंध आहे. तुमच्यातले बहुतेक जण पंचवीस-तीसच्या आतबाहेर आहात. येत्या दहा वर्षांत तुमच्या घरातल्या दोन भावांची दोन घरे होतील. बहीण नोकरी करून स्वतःचे घर घेऊ पाहील. गावठाणात जागा उरलेली नाही. मग गावाबाहेरच्या रस्त्याला लागून कोणाचे तरी शेत विकले जाईल, चुन्याने रेघा मारल्या जातील, दगड रोवले जातील आणि ‘गुंठा घ्या, हप्त्याने घ्या’ असा फलक लागेल. तुम्ही तिथे राहायला जाल. पुढची पन्नास वर्षे तुमच्या मुलांचे शेजारी कोण असणार, घरात पावसाचे पाणी शिरणार की नाही, आजारी माणसाच्या दारापर्यंत रुग्णवाहिका पोहोचणार की नाही, हे सगळे त्या चुन्याच्या रेघांनी ठरवलेले असेल. म्हणून प्रश्न असा आहे, की त्या रेघा मारताना आपण कुठे असतो? बहुतेक वेळा आपण फक्त पैसे मोजायला हजर असतो.

आधी जुने गाव कसे वसले होते ते पाहू. गावठाण म्हणजे राहण्यासाठी राखलेली जागा. बाकी सगळी शेती, गायरान, ओढे, वाटा. गावठाणाच्या आत घरे कुठे असावीत हे जातीने ठरवले होते. मध्यभागी पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, मग बलुतेदारांच्या आळ्या, वेशीबाहेर महारवाडा आणि मांगवाडा. आपला मोहल्लाही बहुतेक गावांत एका कडेलाच. कोण कोणाच्या शेजारी राहणार, कोणाला पाणी आधी मिळणार, कोणाच्या दारातून सांडपाणी वाहणार, हे त्या मांडणीतच ठरलेले असे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण फलक बदलला तरी घरे तिथेच राहतात. गावठाणाची जुनी रचना बदलणे फार अवघड असते. गावाच्या कडेला नवी वसाहत होते तेव्हा मात्र कोरी जमीन समोर असते. जुनी चूक टाळण्याची संधी गावाला क्वचित मिळते आणि ती याच वेळी मिळते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावे तुम्ही घरी ऐकली असतील. सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती, त्यात मातीचा भराव आणि वर मातीचे जड धाबे, अशा घरांखाली लोक झोपेतच गाडले गेले. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. एवढी गावे जवळजवळ एकाच वेळी कागदावर आखली जाण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच.

त्यातून काय शिकायचे? पहिली गोष्ट म्हणजे घरे मजबूत झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण गावांचे आराखडे शहरातल्या कॉलनीसारखे निघाले. सरळ रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट, चौकोनी रांगा. गावाने जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा व्यापली. जागा वाढली म्हणजे पाण्याची पाइपलाइन लांबली, गटारे लांबली, दिव्याचे खांब वाढले, आणि त्या सगळ्यांची देखभाल लहानशा ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडली. जुन्या गावात पारावर, गल्लीच्या तोंडावर, वाड्याच्या ओसरीवर माणसे बसत. नव्या गावात तशी जागा कोणी आखली नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. घराचे आकारमान जमिनीच्या मालकीवरून ठरवले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत सारखे केले होते, पण नकाशाने पुन्हा वेगळे केले. माझ्या मते किल्लारीचा हा सगळ्यात मोठा धडा आहे. रेघ मारणारा माणूस वाईट नसेलही, पण ‘सगळ्यांना समान काय द्यायचे?’ हा प्रश्न आधी विचारला नाही, तर जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की होते.

दुसरे उदाहरण माळीणचे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात डोंगर खचला आणि गाव गाडले गेले. १५१ माणसे मेली. वाचलेल्यांसाठी आमडे गावाजवळ नवे माळीण उभारले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, भराव खचले आणि रस्त्यांना भेगा पडल्या. डोंगराच्या भीतीतून बाहेर पडलेली माणसे पुन्हा त्याच भीतीत सापडली. घर कितीही पक्के बांधा, खालची भरावाची माती बसलेली नसेल आणि पाण्याला वाट दिलेली नसेल, तर त्याचा उपयोग नाही. सरकारी देखरेखीखाली हे घडू शकते, तर गावाच्या कडेला ओढा बुजवून पाडलेल्या प्लॉटचे काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, पाच एकर शेत आहे. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे दोनशे गुंठे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे साधारण एकराहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. वीस गुंठे गेले. आतले रस्ते साधारणपणे किमान नऊ मीटरचे, म्हणजे तीस फुटांचे लागतात. त्यात समजा पन्नास गुंठे गेले. विकायला उरले एकशेतीस. आता दुसरा माणूस काय करतो? तो मंजुरी घेतच नाही. दहा फुटांची बोळ ठेवतो, खुली जागा ठेवत नाही आणि एकशेऐंशी गुंठे विकतो. त्याचा गुंठा स्वस्त पडतो. आपल्याला वाटते, आपला फायदा झाला. पण तो जास्तीचा पन्नास गुंठे, म्हणजे सव्वा एकर, आला कुठून? तो तुमच्या मुलांच्या खेळण्याच्या जागेतून आला. जिथून आगीचा बंब आला असता, त्या रस्त्यातून आला. स्वस्त गुंठ्याची उरलेली किंमत आपण पुढे हप्त्याहप्त्याने भरत राहतो.

आपल्या समाजात असे गुंठे जास्त विकले जातात, त्याची कारणे आहेत. उत्पन्न हातावरचे, पगारपत्रक नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. काही घरांत व्याजाचे कर्ज नको असते. ओळखीचा एजंट बिनव्याजी हप्ते करून देतो, नोटरीच्या कागदावर सही होते आणि आपण घर बांधायला लागतो. हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. गरज खरी आहे. पण नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. जमिनीच्या खरेदीला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी भरली म्हणजे घर आपले झाले, या समजुतीवर कितीतरी लोकांनी आयुष्यभराची कमाई लावली आहे.

म्हणून पैसे देण्याआधी काय पाहायचे, ते लिहून घ्या. सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते पाहा. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींची नावे, देवस्थान किंवा वक्फ अशी नोंद आहे का, ते पाहा. जुने फेरफार काढा. प्रादेशिक योजनेत ती जमीन रहिवासी विभागात आहे की शेती विभागात, याचा झोन दाखला मागा. जमीन गावठाणाच्या हद्दीला लागून असेल, तर तिच्यासाठी आज जमीन महसूल संहितेत काय तरतूद आहे, याची चौकशी करा. मंजूर ले-आउटची प्रत आणि मोजणीचा नकाशा मागा, आणि दोन्ही घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर फिरा. नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल, तर जाहिरात करण्याआधी महारेराची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा. नदी जवळ असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की इथून पाणी कुठे जायचे? हा प्रश्न फुकट आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. तुकडेबंदी आणि बिगरशेती यांचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. त्यामुळे एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, आजचा नियम तहसील कार्यालयात जाऊन विचारा.

वक्फचा उल्लेख केला, त्यावर थोडे थांबतो. मराठवाड्यात दर्गा, मशीद, कब्रस्तान यांच्या नावे जुन्या इनामी जमिनी आहेत. गाव वाढते तशा त्या मोक्याच्या होतात. आणि त्यांचे प्लॉट पाडून विकणाऱ्यांत आपलेच मुतवल्ली आणि आपलेच पुढारी असतात, हे आपण मोठ्याने बोलत नाही. जी जमीन गरिबांच्या उपयोगासाठी ठेवलेली होती, ती गरिबालाच विकायची आणि पुढे त्याचे घर बेकायदा ठरू द्यायचे, ही दुहेरी लूट आहे. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढतो. मग या लुटीविरुद्ध एक अर्ज तरी करू.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. नवी वसाहत फक्त आपल्या लोकांची असावी का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला गेली. त्यांना कोणी हौसेने पाठवले नव्हते. आजही शहरात भाड्याचे घर पाहायला जा. आधी सगळे ठीक असते, नाव सांगितले की घर ‘कालच गेलेले’ असते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले, की असुरक्षिततेमुळे मुसलमान आपल्याच वस्त्यांत एकवटत आहेत आणि या वस्त्यांकडे नागरी सुविधांच्या बाबतीत दुर्लक्ष होते. तेव्हा ‘आपली माणसे जवळ असली की रात्री झोप लागते’ असे तुमची अम्मी म्हणत असेल, तर ती भीती खरी आहे.

पण त्या भीतीची किंमतही पाहा. माणसे घाईने एका जागी जमली की बेकायदा बांधकामाला गिऱ्हाईक तयार होते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा इथे बेकायदा इमारत बांधकाम सुरू असतानाच कोसळली आणि ७४ जण मेले. काम अपुरे असतानाच लोक तिथे राहायला आले होते, कारण दुसरीकडे परवडत नव्हते. मरणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचे होते हे मी सांगणार नाही. बेकायदा इमारत पडताना ते विचारत नाही.

कायद्याने एका समाजाची वसाहत करता येते का? सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सांगितले, की सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी बेकायदा नाही. म्हणजे तुम्ही तशी सोसायटी काढू शकाल. पण ज्या दरवाजाने आपण इतरांना बाहेर ठेवू, त्याच दरवाजाने उद्या आपल्याला बाहेर ठेवले जाईल. तेव्हा कोणत्या तोंडाने तक्रार करणार? मला ‘नाव ऐकून घर नाकारले’ याचा राग येतो. मग तोच नियम मी माझ्या ले-आउटला कसा लावू? शेजाऱ्याचा हक्क हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला मला आठवत नाही.

आणि व्यवहाराचे बोलायचे तर, वेगळी पडलेली वस्ती निधीच्या वेळी शेवटी आणि संशयाच्या वेळी पहिली आठवते. रस्ता आपल्या हद्दीपर्यंत येऊन थांबतो. शाळा वेगळी झाली की मुले दहावीपर्यंत एकमेकांची नावे फक्त बातम्यांमधून ऐकतात. मिश्र वस्तीत भांडणे होत नाहीत असे नाही. पण ती गटारावरून, पार्किंगवरून, नळावरून होतात. अशी भांडणे मिटवता येतात.

मग मिश्र वसाहत भाषणांनी होते का? नाही, आखणीने होते. त्यासाठी काही साध्या गोष्टी आहेत. प्लॉट लहान-मध्यम-मोठे असे एकाच रांगेत मिसळून ठेवा, म्हणजे मजूर आणि मास्तर शेजारी येतील. किल्लारीची उतरंड इथे नको. वाटप सोडतीने करा. वसाहतीला जुन्या गावाशी जोडणारे निदान दोन रस्ते असू द्या. एकच फाटक आणि भोवती भिंत नको. अंगणवाडी, रेशन दुकान, दवाखाना, वाचनालय हे वसाहतीच्या पोटात नको, जुने गाव आणि नवी वसाहत जिथे भेटतात तिथे हवे, म्हणजे दोन्हीकडची माणसे रोज तिथे येतील. वसाहतीचे नाव धर्मावरून, जातीवरून किंवा पुढाऱ्यावरून ठेवू नका. गावात ओढा असेल, चिंच असेल, त्यांची नावे पुष्कळ आहेत.

यातून लगेच पुढचा प्रश्न येतो. नमाजची जागा आणि कब्रस्तान. ही गरज कोणी नाकारत नाही. पण आपण करतो काय? आधी गप्प बसतो, मग खुल्या जागेवर पत्र्याचे शेड येते. पलीकडे लगेच दुसरे देऊळ येते आणि मुलांचे मैदान दोघांच्या भांडणात जाते. सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक जागांवर नवे धार्मिक बांधकाम होऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिलेला आहे, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. मशीद हवी असेल तर स्वतंत्र प्लॉट विकत घ्या, त्याची परवानगी मागा, उघडपणे मागा. खुली जागा ही सगळ्यांची. कब्रस्तान आणि स्मशान यांची व्यवस्था तर ग्रामपंचायत कायद्यातच ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत आहे. तेव्हा ती मागणी गावाची म्हणून, दोन्हींची एकत्र करा. वसाहत आखताना मागितलेली जागा ही नियोजनाची बाब असते. मयत दारात असताना मागितलेल्या जागेचे भांडण होते.

घर कोणाच्या नावावर हेही आखणीतच येते. बहिणीचे लग्न झाले की तिचा हिस्सा ‘दिला’ असे समजून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. कुराणाने दिलेला हिस्साही आपण नाकारतो आणि देशाच्या कायद्याने मिळू शकणारी समानताही. नवा प्लॉट घेताना खरेदीखत पती-पत्नी दोघांच्या नावे करा. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरही दोघांची नावे लावता येतात. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत तर घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. उद्या तलाक झाला, नवरा वारला, तरी त्या बाईला रस्त्यावर कोणी काढू शकणार नाही. मेळाव्यातल्या दहा ठरावांपेक्षा खरेदीखतावरचे एक नाव जास्त काम करते.

शेवटी, तुम्ही गावी गेल्यावर काय करायचे? ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. आपले तरुण तिथे जात नाहीत आणि आपल्या बायकांना तर ती कधी असते हेही माहीत नसते. पुढच्या ग्रामसभेला जा, बहिणीला आणि अम्मीला घेऊन जा. तीन प्रश्न विचारा. गावाच्या हद्दीत मंजूर ले-आउट किती आहेत आणि त्यांच्या खुल्या जागा आज कोणाच्या ताब्यात आहेत? ओढ्या-नाल्यांचा नकाशा ग्रामपंचायतीकडे आहे का? आणि गावात बेघर, भूमिहीन किती आहेत? त्यांच्यासाठी गावठाणाची हद्द वाढवावी, असा ठराव मागा. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे ती हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. ठराव मागताना फक्त मोहल्ल्यातल्या नव्हे, गावातल्या सगळ्या बेघरांची यादी जोडा. पारधी कुटुंब असेल, विधवा असेल, ऊसतोड मजूर असेल, त्यांची नावे त्यात हवीत. यादी सगळ्यांची असली की कोणी म्हणू शकत नाही, की हे लोक फक्त आपल्यासाठी मागतात.

पहिल्या सभेत तुम्हाला कोणी उत्तर देणार नाही. दुसऱ्या सभेत ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ असे विचारतील. प्रश्न लेखी द्या, पोहोच घ्या, माहिती अधिकारात नकाशा मागा. चौथ्या सभेला उत्तर तयार ठेवावे लागते, कारण तोपर्यंत गावातले आणखी चार जण तेच विचारू लागलेले असतात.

चुन्याच्या रेघा पुसता येतात. त्यांच्यावर भिंती उभ्या राहिल्या की पुसता येत नाहीत. आपण जायचे आहे ते रेघा चुन्याच्या आहेत तोवर.